उपवास, उपाशीपोटी आणि आंतरजाल

इंदापूर तालुक्यातील एका गावात आमच्या परिचयाच्या एक आजी राहतात. वय सत्तरीच्या पुढचे, पंढरीची वारी कित्येक वर्षे न चुकलेली, आणि अलीकडे मधुमेह जडलेला. त्यांचा नातू त्यांना ज्या दवाखान्यात नेतो, तेथील कारभार आता आधुनिक झाला आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी रुग्णाच्या मोबाइलवर सूचना येते, आणि ती मराठीतून येते, ही खरे तर कौतुकाची गोष्ट. त्या दिवशीची सूचना अशी होती : 'उद्या सकाळी उपवास करून रक्त तपासणीस यावे.' आजींनी ती नातवाकडून दोनदा वाचून घेतली आणि तंतोतंत पाळली. रात्री साबुदाण्याची खिचडी खाल्ली. सकाळी निघण्यापूर्वी वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी आणि वर एक केळे. भाकरीचा तुकडा म्हणून तोंडात घातला नाही. रक्तातील साखर अर्थातच भरमसाट निघाली. डॉक्टरांनी विचारले, 'आजी, उपवास केला होता ना?' आजी म्हणाल्या, 'केला की.' दोघेही खरे बोलत होते. गोळीची मात्रा वाढली. चौथ्या दिवशी पहाटे आजींना दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले, बोलणे असंबद्ध होऊ लागले. घरात कोणाला तरी सुचले म्हणून साखरेचे पाणी पाजले गेले आणि वेळ निभावली.

या घटनेत आंतरजालाने आपले काम चोख केले होते. सूचना क्षणार्धात पोहोचली, वेळेवर पोहोचली, योग्य माणसाला पोहोचली. चुकला तो एक शब्द. 'उपाशीपोटी' हा शब्द प्रत्येक मराठी घरात रोज वापरला जातो. तो बाजूला पडला आणि त्याच्या जागी 'उपवास' आला. इंग्रजी शब्दाला कोशात पर्याय शोधणाऱ्याला तो बरोबरच वाटला असणार. पण कोशातला उपवास वेगळा आणि एकादशीच्या घरातला उपवास वेगळा. पहिल्यात पोट रिकामे असते, दुसऱ्यात भाकरीच्या जागी साबुदाणा येतो.

डॉक्टरांनी आपल्या व्यवसायात आंतरजालाचा उपयोग कसा करावा, हा प्रश्न सामान्यतः वैद्यकाचा किंवा तंत्रज्ञानाचा मानला जातो. त्यात आम्हा साहित्य शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी नाक खुपसण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर वरच्या घटनेत आहे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांपुरते पाहिले तर डॉक्टर आणि जगाचे ज्ञान यांच्यातले अंतर आंतरजालाने जवळजवळ मिटवले आहे. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातले अंतर मात्र तसेच आहे, आणि ते भाषेचे आहे. आंतरजालाचा खरा उपयोग करायचा असेल तर त्याची सुरुवात या दुसऱ्या अंतरापासून झाली पाहिजे, असे आमचे मत आहे.

पहिल्या अंतराविषयी आधी थोडे. ते किती मोठे होते याची कल्पना आजच्या विद्यार्थ्यांना येणे कठीण आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा तांबड्या विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती आणि उपचार नेमका काय करावा हे पाठ्यपुस्तकांतही धड नव्हते. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे केली : घामाने निथळणारे अंग, गार पडलेले हातपाय, चढलेला आणि मग कोसळणारा रक्तदाब, फुप्फुसांत साठणारे पाणी. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आली; पुढे १९८६ मध्ये रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या दंशावर कसे उपयोगी पडते, हे त्यांनी त्याच नियतकालिकात मांडले. ग्रंथालय हाताशी नाही, संदर्भ पोस्टाने मागवायचे, लेख पोस्टाने पाठवायचा, उत्तराची वाट पाहायची, असा तो काळ होता. त्या उपचाराने विंचूदंशाच्या मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आज भवानीनगर किंवा भिगवण येथील डॉक्टरच्या खिशात ते ग्रंथालय आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची 'पबमेड' ही सूची १९९७ मध्येच सर्वांना विनामूल्य खुली झाली. एखाद्या औषधाची मात्रा, दोन औषधांचा परस्परविरोध, गरोदर स्त्रीला काय चालेल आणि काय चालणार नाही, हे रुग्ण समोर बसलेला असताना पाहता येते. एवढेही जो डॉक्टर पाहत नाही आणि पंचवीस वर्षांपूर्वी शिकलेल्या पाठांतरावर दवाखाना चालवतो, त्याच्याविषयी फार बोलण्याची गरज नाही.

मात्र बावस्करांच्या उदाहरणाचा आणखी एक अर्थ आहे. ज्ञान लंडनहून बिरवाडीला आले नव्हते. ते बिरवाडीहून लंडनला गेले होते. आपल्याकडे डॉक्टर आणि आंतरजाल म्हटले की दूरच्या शहाण्यांचे ज्ञान खेड्यात उतरवण्याचाच विचार होतो. उलट दिशेची वाट कोणी चालत नाही. उसाच्या फडात होणारे सर्पदंश, फवारणीच्या औषधांची विषबाधा, कोयत्याच्या जखमा, नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीतले आणि सुप्याकडच्या जिरायतीतले आजार यांविषयी जे बारामतीच्या डॉक्टरला दिसते, ते मुंबईच्या प्राध्यापकाला दिसत नाही. ते नीट टिपून ठेवावे, आपापसांत ताडून पाहावे आणि जगापुढे मांडावे, यासाठी आता पोस्टाच्या तिकिटाचीही गरज उरलेली नाही. गरज आहे ती लिहिण्याच्या सवयीची.

डॉक्टरांचा आपापसांतला संवाद हा आंतरजालाचा दुसरा मोठा उपयोग, आणि तो या भागात पुष्कळ प्रमाणात होत असणार. मण्यारीच्या दंशाचेच पाहा. मण्यार रात्री चावते, बहुधा जमिनीवर झोपलेल्याला, आणि चावल्याचे कित्येकदा कळतही नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे माणूस पोटात कळ आली म्हणून उठतो, थोड्या वेळाने पापण्या जड होतात, आवाज बदलतो, गिळता येत नाही, आणि मग श्वास थांबतो. वाडीवरच्या एकट्या डॉक्टरपुढे पोटदुखीचा रुग्ण म्हणून तो येतो. अशा वेळी मिटू लागलेल्या पापण्यांचे दहा सेकंदांचे चित्रण तालुक्याच्या अनुभवी डॉक्टरकडे पाठवले आणि पलीकडून 'हे पित्त नव्हे, मण्यार समजा, प्रतिविष सुरू करा आणि श्वास देण्याची तयारी ठेवून इकडे आणा' असे दोन ओळींचे उत्तर आले, तर एक जीव वाचतो. घोणस किंवा फुरसे यांचा संशय असेल तर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवून ते गोठते की नाही हे पाहायचे, नळी प्लॅस्टिकची नको, ही साधी गोष्टही पलीकडून कोणी आठवण करून दिली तर चूक टळते. यंत्र महागडे लागत नाही; पलीकडे उत्तर देणारा माणूस लागतो. मात्र रुग्णाचा चेहरा, नाव, गाव दहा गटांतून फिरवणे हा या सोयीचा भाग नव्हे. रुग्णाची संमती आणि त्याची ओळख झाकणे या दोन गोष्टी २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या आधीही डॉक्टरच्या धर्मात होत्याच.

आता मुख्य मुद्दा : डॉक्टर आणि रुग्ण.

टाळेबंदी सुरू होत असताना, २५ मार्च २०२० रोजी, दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आपल्या देशात प्रथमच जाहीर झाली. फोनवर किंवा पडद्यावर सल्ला देणे वैध आहे की नाही, ही तोवरची धाकधूक त्यांनी संपवली. डॉक्टरने रुग्णाची ओळख पटवावी, आपला नोंदणी क्रमांक द्यावा, नोंद ठेवावी; साधी औषधे कोणत्याही मार्गाने लिहून देता येतील, काही औषधांसाठी पडद्यावर रुग्ण प्रत्यक्ष दिसला पाहिजे, काही केवळ जुन्या रुग्णालाच देता येतील, आणि अमली व मनोविकारांवरची काही औषधे मुळीच देता येणार नाहीत, अशी त्यांची रचना आहे. त्यांत आणखी एक वाक्य मोलाचे आहे : यंत्रबुद्धीने रुग्णाला परस्पर सल्ला देऊ नये किंवा औषध लिहू नये, ती डॉक्टरला साहाय्य करू शकते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'ई-संजीवनी'ची घरबसल्या सल्ल्याची सेवा सुरू झाली. गावातल्या आरोग्य उपकेंद्रातून समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या मदतीने दूरच्या डॉक्टरशी बोलण्याची सोयही त्याच योजनेत आहे.

सोय झाली, पण पडद्यावर काय होते ते पाहू. दवाखान्यात रुग्ण समोर असतो तेव्हा डॉक्टरचा हात बोलतो. तो पोट दाबून पाहतो, नाडी धरतो, रुग्ण कुठे आक्रसतो ते त्याला कळते. रुग्णाने नीट सांगितले नाही तरी चालून जाते, कारण शरीर सांगते. पडद्यावर हात गेला. उरले शब्द. म्हणजे दूरस्थ उपचारात रुग्णाच्या शब्दाचे वजन प्रत्यक्ष भेटीतल्यापेक्षा कितीतरी वाढते. तंत्रज्ञान आले म्हणून भाषेची गरज कमी होईल असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि हे शब्द कसे असतात? वेदनेला इंग्रजीत एक सामान्य नाम घेऊन पुढे विशेषणे लावीत बसावे लागते. आपल्या बाईमाणसांच्या तोंडी प्रत्येक वेदनेला स्वतंत्र नाव आहे. दात ठणकतो, गळू ठसठसते, पाठीत चमक भरते, कंबरेत उसण भरते, पोटात कळ येते, मुरडा येतो किंवा गोळा उठतो, पायांना मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, तळपायांची आग होते, मांड्यांना रग लागते, छातीत जळजळते किंवा धडधडते, अंगात कसर असते, कणकण असते, अंग मोडून येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, जीव घाबरा होतो. यातला प्रत्येक शब्द म्हणजे अर्धे निदान आहे. ठसठस म्हणजे पू झाल्याची शक्यता, मुंग्या आणि आग म्हणजे नसांकडे पाहण्याची सूचना, 'जीव घाबरा होतो' म्हणणाऱ्या प्रौढ माणसाच्या हृदयाचा आलेख काढल्याशिवाय त्याला परत पाठवू नये. 'अंगावरून जाते' आणि 'अंगावर पांढरे जाते' यांतला फरक ज्या डॉक्टरला कळत नाही, त्याने स्त्रियांना पडद्यावरून सल्ला देऊ नये. हे सारे शब्द संगणकीय नोंदपत्रकात शिरताना एकाच रकान्यात पडतात : 'दुखणे'. रुग्णाने अमोल माहिती दिली आणि आपण ती दाराशीच टाकून दिली.

बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखले जाते. त्याच वर्षी देशभर लागू झालेल्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या आरंभी स्थानिक भाषेच्या तासिकांची तरतूद आहे. त्या तासिकांत काय शिकवावे? 'माझे नाव अमुक आहे, तुमचे नाव काय?' एवढ्यावर त्या संपू नयेत. वर दिली तशी रुग्णाच्या शब्दांची यादी या दोन तालुक्यांत फिरून, आशाताईंना आणि परिचारिकांना विचारून, वापराच्या उदाहरणांसह तयार करणे आणि ती आंतरजालावर सर्वांना खुली ठेवणे, हे काम एखाद्या मराठी विभागाने दोन वर्षांत करावे असे आहे. बोलींच्या अभ्यासाचे प्रकल्प आपण दरवर्षी करतोच. त्यांतला एक जरी डॉक्टरच्या टेबलावर पोहोचला तर बिघडले कुठे?

येथवर रुग्णाच्या बोलण्याविषयी झाले. आता डॉक्टरच्या सांगण्याविषयी. दिवाळीच्या सुमारास या भागात बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांचे तांडे येतात. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांच्या परिसरात त्यांच्या कोप्या पडतात आणि गाळप संपले की उठतात. गरोदर स्त्रीची पहिली तपासणी गावाकडे, दुसरी इंदापुरात, बाळंतपण आणखी कुठे. क्षयाच्या रुग्णाच्या गोळ्या मधेच तुटतात. कागद कोपीत भिजतो, बैलगाडीत हरवतो. यावर उपाय म्हणून २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मोहिमेत चौदा आकडी आरोग्य क्रमांक आला, ज्याला जोडून नोंदी कोठेही पाहता याव्यात. कल्पना उत्तम आहे. पण त्या नोंदी डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेल्या असतात. ज्या बाईची ती नोंद आहे तिला त्यातले अक्षर कळत नाही. तिच्या मोबाइलमध्ये पाच ओळींची मराठी नोंद असावी : काय झाले आहे, कोणते औषध चालू आहे, कधीपर्यंत घ्यायचे, काय झाले तर ताबडतोब दवाखाना गाठायचा, पुढची तपासणी कधी. वाचता येत नसेल तर हेच डॉक्टरच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून द्यावे. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत जाते, तेव्हा रस्त्यातल्या प्रत्येक डॉक्टरपुढे असे कागद नसलेले शेकडो वारकरी येऊन उभे राहतात. 'ती पांढरी गोल गोळी' एवढेच त्यांना सांगता येते. पाच ओळी तेथेही कामास येतील.

ऊसतोड स्त्रियांच्या बाबतीत या पाच ओळींचे मोल फार मोठे आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील अशा स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाला दारिद्र्य, मुकादमाची उचल, बुडणारा रोज अशी अनेक मुळे आहेत. पण एक मूळ भाषेतही आहे. आपण गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतो. पिशवी ही रिकामी झाली की टाकून देण्याची वस्तू. 'पिशवी काढून टाकू' या वाक्यात गमावण्यासारखे काही आहे असे ऐकणाऱ्याला वाटतच नाही. त्या एका शब्दाऐवजी शस्त्रक्रिया का, न केल्यास काय, दुसरा उपाय कोणता आणि नंतर शरीरात काय बदल होतील, हे चार प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरे त्या स्त्रीच्या हाती आधी पडली असती, घरी नेऊन ती कोणाकडून तरी वाचून घेता आली असती, तर काही जणींनी तरी थांबून विचार केला असता. संमतीपत्रावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे, हे आपण साहित्यात वाचून हळहळतो. येथे ते प्रत्यक्षात बदलण्याची संधी आहे.

रुग्ण स्वतः आंतरजालावर शोधून येतो, ही डॉक्टरांची नेहमीची तक्रार. 'मोबाइलवर वाचले' असे रुग्ण म्हणाला की डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. आम्हाला ती आठी समजते. अर्धवट वाचून भेदरलेल्या किंवा शेफारलेल्या माणसाला समजावणे सोपे नाही. पण वाचणाऱ्याला वाचू नका म्हणणे हा उपाय शिक्षकाच्या पेशातही कधी चालला नाही. चांगला शिक्षक काय वाचावे ते सांगतो. डॉक्टरनेही औषधाच्या चिठ्ठीबरोबर वाचनाची चिठ्ठी द्यावी : हे पान वाचा, हे वाचू नका, वाचून शंका आल्या तर लिहून आणा. अडचण एवढीच की मराठीत वाचायला द्यावे असे थोडे आहे. जे आहे त्यात जाहिरात आणि यंत्राने केलेले भाषांतर यांचाच भरणा. रोगाच्या नावाने चित्रफिती काढून आपलीच दुकानदारी करणारे डॉक्टरही त्यात आहेत. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनी रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करण्यास मनाई केली आहे, याचा त्यांना विसर पडलेला दिसतो.

मराठीला हे काम नवे आहे असे मात्र नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ मध्ये मराठी आणि गुजराती माध्यमाचे वैद्यकाचे वर्ग उघडले होते. त्या निमित्ताने शरीररचनेपासून औषधांपर्यंतचे ज्ञान मराठीतून बोलण्याची आणि लिहिण्याची खटपट एका पिढीने केली. आपल्या काळात डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'ने हृदयाचा आजार हा विषय घराघरांत वाचला जाईल अशा गद्यात आणला. म्हणजे भाषा समर्थ आहे. कमी आहे ती रोजच्या, लहान, निनावी लेखनाची : सूचना, चिठ्ठी, पाच ओळी. या लेखनाला आपण साहित्य मानीत नाही, म्हणून कोणी ते मन लावून करीत नाही.

दोन आक्षेप आम्हाला अपेक्षित आहेत. पहिला वेळेचा. दवाखान्याबाहेर रांग लागलेली असताना डॉक्टरने मराठी लेखन करीत बसावे काय? नाही. मधुमेह, रक्तदाब, क्षय, गरोदरपण, अतिसार, सर्पदंश, दमा अशा नेहमीच्या वीसएक विषयांची पाने एकदाच नीट तयार करावी लागतील. त्यानंतर ती बोटाच्या एका स्पर्शाने पाठवायची. तेच ते रोज पन्नासदा सांगण्याचा वेळ उलट वाचेल, आणि वाचलेल्या वेळात रुग्णाचे ऐकता येईल.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. आता यंत्रे अस्खलित मराठी लिहितात. मग हा सारा खटाटोप कशाला? आमचा यंत्रांना विरोध नाही. पहिला मसुदा त्यांनी जरूर करावा. पण अडाणी भाषांतराची चूक लगेच दिसते आणि अस्खलित भाषांतराची चूक दिसत नाही. 'उद्या सकाळी उपवास करून रक्त तपासणीस यावे' या वाक्यात व्याकरणाची चूक दाखवा पाहू. ते वाक्य चुकीचे आहे हे कळायला एकादशी ठाऊक असावी लागते, आजी ठाऊक असावी लागते. म्हणून प्रत्येक पान प्रसिद्ध होण्यापूर्वी तीन जणांच्या हाताखालून जावे : डॉक्टरने अर्थ तपासावा, भाषेच्या जाणकाराने शब्द तपासावा, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिले त्यांच्यातल्या एखाद्याला वाचून दाखवून 'तुम्हाला काय समजले ते सांगा' असे विचारावे. 'समजले का?' असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी 'हो' असते.

बारामती ही मोरोपंतांची कर्मभूमी. १७९४ मध्ये तेथेच त्यांचा देह पडला. त्यांच्या आर्यांतील संस्कृतप्रचुर समासांची धास्ती आमच्या विद्यार्थ्यांना आजही वाटते. पण मोरोपंत केवळ कवी नव्हते. ते पुराणिक होते. नाईकांच्या आश्रयाने पुराण सांगणे हा त्यांचा व्यवसाय होता. म्हणजे ग्रंथ कितीही कठीण असला तरी श्रोत्यांपुढे बसून त्याचे निरूपण करणे, समोरचे चेहरे पाहून उदाहरण बदलणे, न कळले तर पुन्हा सांगणे, हे त्यांचे रोजचे काम होते. मराठी वाङ्मयाचा मोठा भाग या निरूपणातूनच उभा राहिला आहे. आंतरजालाने डॉक्टरच्या हाती जगातली सर्व संहिता आणून दिली. निरूपण मात्र त्याचे त्यालाच करावे लागेल, आणि ज्यांनी आयुष्यभर निरूपणाचीच विद्या शिकली-शिकवली त्यांनी त्याच्या मदतीला जावे, यात कमीपणा कसला?

आजी आता बऱ्या आहेत. त्यांच्या नातवाने आणि आम्ही मिळून ती सूचना पुन्हा लिहिली आणि डॉक्टरांना दाखवली. डॉक्टरांनी ती मोकळेपणाने स्वीकारली आणि तीत औषधाचे वाक्य स्वतः घातले. आता ती अशी जाते : 'रात्रीच्या जेवणानंतर काहीही खाऊ नका. सकाळी साध्या पाण्याशिवाय काही घेऊ नका. चहा, दूध, केळे, साबुदाणा, वरी, शेंगदाणे हेही नको. मधुमेहाची सकाळची गोळी घरी घेऊ नका. गोळी आणि न्याहारी बरोबर आणा, रक्त दिल्यावर घ्या. त्या दिवशी एकादशी असेल तर दुसऱ्या दिवशी या.' आम्ही ती आजींना वाचून दाखवली आणि काय समजले ते विचारले. त्या म्हणाल्या, 'म्हणजे निर्जळीसारखं, पण पाणी चालेल.' हे वाक्य आमच्यापैकी कोणाला सुचले नव्हते. आम्ही ते सूचनेत पहिले घातले.